पंधरा मीटरच्या आत

मशीन सुरू होत नव्हतं, आणि ते आपोआप बंद पडलेलं नाही याबद्दल हर्षलाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आपोआप घड्याळ बंद पडतं, नळाचं पाणी बंद पडतं. पण बाबांनी हौसेनं आणलेलं, जेमतेम अर्धा पावसाळा वापरलेलं आणि मग वर्षभर मागच्या खोलीत कुलपात ठेवलेलं बॅटरीवरचं गवत कापायचं मशीन आपोआप बंद पडत नाही. ते कुणीतरी बंद पाडतं. कुणी, एवढाच प्रश्न होता.

कळंबच्या घराच्या मागच्या अंगणात गवत कमरेला लागत होतं. बाबा, म्हणजे खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर वाल्मिकदादा, मागच्या दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी याच अंगणाच्या पायरीवर दुपारचा चहा घेताना गेले. कप हातातून खाली ठेवून गेले, सांडलासुद्धा नाही. त्यानंतर अंगणात कुणी विळा घातला नाही. श्रावणात मोरीच्या दाराशी घोणस निघाली आणि तेव्हापासून आई दिवेलागणीनंतर मागचं दार उघडेनाशी झाली. मग एके दिवशी फोनवर, बरणीतलं लोणचं खराब झालं हे सांगावं तशा सुरात तिनं सांगून टाकलं, "वर्षश्राद्धापर्यंत अंगण मोकळं झालं तर मी राहीन इथं. नाहीतर घर आपल्या नवीनला देऊ चालवायला आणि मी येते तुझ्याकडे डोंबिवलीला."

डोंबिवलीच्या घरात आईसाठी जागा होती. बाबांसाठी नव्हती. हर्षला कॉलेजात ग्रंथपाल होती. तिनं नवरात्रात रजा टाकली आणि कळंबला आली.

नवीन हा तिचा चुलतभाऊ. गावाबाहेर त्याचं शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचं रिसॉर्ट होतं. घरात आला की तो आधी भिंतीवर बोटानं टकटक करायचा आणि मग "कशा आहात काकू" विचारायचा. हर्षला आली त्याच दिवशी तो हजर झाला.

"ताई, भातकापणी सुरू आहे, गडी मिळणार नाही तुला. माझी दोन माणसं पाठवतो, तासाभरात अंगण चकाचक."

"नको."

"अगं, मी काय परका आहे का?"

परका असता तर तिनं होकार दिला असता. नवीनची माणसं एकदा अंगणात शिरली की आधी गवत काढतील, मग झोपाळा लावतील, आणि दिवाळीला तिथे कुणीतरी परका माणूस तंदुरी लावून बसलेला असेल, असं चित्र तिला स्वच्छ दिसत होतं. "बाबांचं मशीन आहे," ती म्हणाली. "मी कापेन."

नवीन हसला. ते हसू तिनं लक्षात ठेवलं.

ग्रंथपालानं कुठल्याही कामाची सुरुवात जशी करावी तशीच तिनं केली. मशीनबरोबर आलेली पुस्तिका आधी वाचून काढली. तिच्यात जगातल्या बऱ्याच भाषा होत्या, मराठी सोडून. पण इंग्रजीत ताकीद स्पष्ट होती. ओलं गवत कापू नये. आधी जागा चालून बघावी, दगड, तारा, काचा उचलाव्यात. डोळ्यांना चष्मा, पायात बंद बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे. मशीनला हात लावण्याआधी बॅटरी काढावी. बॅटरी बसवायच्या खाचेत बोट किंवा कसलीही वस्तू कदापि घालू नये. आणि काम चालू असताना पंधरा मीटरच्या आत कुणीही माणूस, मूल किंवा जनावर असू नये. ही शेवटची ओळ लिहिणारा माणूस कर्जत तालुक्यात कधी आलेला नव्हता, हे उघड होतं.

मागच्या खोलीची किल्ली शेजारच्या आबाजींकडे असायची. बाबा होते तेव्हापासूनच. हर्षलानं ती मागून आणली तेव्हा आबाजी जरा जास्तच पटकन म्हणाले, "आमी काय आत गेलो नाय हां." कुणी विचारलेलं नसताना! तिनं हेही लक्षात ठेवलं.

खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर मागच्या खंडेनवमीचं कुंकू होतं. कोयत्यावर, घमेल्यावर, सायकलच्या हँडलवर, आणि मशीनच्या दांड्यावरही. कारखान्यात खंडेनवमीला मोठमोठ्या यंत्रांना हार पडायचे. बाबा निवृत्त झाले तरी त्यांचा कारखाना सुटला नाही, फक्त लहान झाला. ते तेलात कुंकू कालवायचे आणि घरातल्या हरेक हत्याराला, अगदी आईच्या मिक्सरलासुद्धा, अंगठ्यानं भरघोस फासायचे. आई दर वर्षी म्हणायची, "अहो, अनामिकेनं लावतात कुंकू. अंगठा काय उमटवताय, पोस्टातली सही आहे का?" बाबा दर वर्षी हसायचे, आणि अंगठाच उमटवायचे.

पहिल्या दिवशी जागेची पाहणी. हर्षलानं गमबूट घातले, हातात काठी घेतली आणि गवतात शिरली. दगड निघाले, तारेचं भेंडोळं निघालं. आणि त्याशिवाय जे निघालं त्यानं तिची झोप उडाली. खोलीच्या दाराशी चुन्याची डबी. खोलीच्या खिडकीखाली नवीनचं व्हिजिटिंग कार्ड. आणि कुंपणाच्या कडेला, बरोबर खोलीच्या भिंतीपर्यंत, कुणीतरी विळ्यानं गवताची पट्टी कापून नेलेली. हर्षलानं आयुष्यात रहस्यकथा कमी वाचल्या नव्हत्या. एवढा पुरावा तर लेखकसुद्धा एकाच प्रकरणात ठेवत नाही, लाजतो.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, गवत वाळलं. तिनं बाबांचा जाड लेंगा-कुडता चढवला, बाबांचा कारखान्यातला चष्मा लावला, तो सैल म्हणून मागे रबर बांधला, डोक्याला ओढणी गुंडाळली, हातात मोजे घातले आणि मशीनचा पट्टा खांद्याला अडकवून बाहेर आली.

कुंपणापाशी आबाजी खुर्ची घेऊन बसलेले होते. शेजारी ठाकरवाडीवरची बुधी उभी होती, कमरेला विळा.

"अगं ए हर्षला, ह्ये काय ल्यालीस गं?" आबाजी म्हणाले. "आमाला वाटलं आगीचा बंब आला."

"बाय, मधाचं पोळं काढाया निंगाली का काय?" बुधी म्हणाली.

"आबाजी, मागे सरका. पंधरा मीटर."

"पंधरा मीटर म्हंजी माज्या घरात जावं लागंल. घरातून दिसत नाय."

"दिसायची गरजच नाही!"

"आन तुला कायी झालं तर? बगाया कोन?"

ह्याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं. आबाजींनी खुर्ची वीतभर मागे घेतली. हर्षलानं बॅटरी खाचेत बसवली, खट्ट आवाज आला, सुरक्षेची कळ दाबली, खटका ओढला.

काहीही झालं नाही.

पुन्हा ओढला. काहीही नाही.

"आवाज नाय येत," आबाजींनी माहिती दिली.

"बॅटरीवरचं हाय ना, मुकं आसंल," बुधी म्हणाली.

बॅटरी चार्जरवर लावली तर हिरवा दिवा. मशीनवर लावली तर शांत. हर्षलानं चष्मा वर केला आणि कुंपणाकडे पाहिलं. बुधी गवताकडे पाहत होती. आबाजी खोलीच्या दाराकडे. इतक्यात पुढच्या दारानं आलेला नवीन आईशी स्वयंपाकघरात कुजबुजत होता, आणि हर्षला पायरीवर पोचली तेव्हा आईचं शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलं, "तिला कळू देऊ नको."

आईसुद्धा!

त्या रात्री ती जेवली, पण संशयानं जेवली.

सकाळी तिनं कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. बराच वेळ संगीत वाजलं.

"नमस्कार, वाल्मिकजी बोलताय का?" एक गोड आवाज म्हणाला.

"नाही, मी त्यांची मुलगी. ते नाहीत."

"कधी भेटतील, मॅडम?"

"ते वारलेत."

"ओके मॅडम. वॉरंटी त्यांच्या नावावर आहे, म्हणून तक्रार त्यांच्याच नंबरवरून नोंदवावी लागेल. मी एक ओटीपी पाठवलाय, तो सांगाल?"

ती सांगणार होती की तो नंबर बंद आहे. तेवढ्यात आईच्या कपाटात काहीतरी टिंग वाजलं. दोघी दचकल्या. आईनं पदराला हात पुसले, कपाट उघडलं, साड्यांच्या घडीतून बाबांचा फोन काढला आणि तिच्या हातात दिला. फोन पूर्ण चार्ज होता.

"नंबर चालू ठेवलाय मी," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "असू दे."

हर्षलानं आकडे वाचून दाखवले. तक्रार नोंदली गेली. तंत्रज्ञ दिवाळीनंतर येणार होता.

"त्या दिवशी ग्राहकानं स्वतः हजर राहणं आवश्यक आहे, मॅडम."

"प्रयत्न करू," हर्षला म्हणाली.

मग ती टमटमनं साजगावला गेली. तिथे जितेश नावाचा एकजण अशी मशिनं दुरुस्त करतो असं कळलं होतं. आख्खं मशीन टमटममध्ये आडवं घातलं असतं तर तीन प्रवाशांचे पाय गेले असते, शिवाय प्रवासात बॅटरी वेगळी ठेवावी अशी पुस्तिकेची आज्ञा होती, म्हणून ती नुसती बॅटरी घेऊन गेली. जितेशनं ती आपल्याकडच्या तशाच एका मशीनला लावली. मशीन घर्रकन फिरलं. दुकानातलं मांजर उठून गेलं.

"बॅटरी एकदम ओके आहे, ताई. प्रॉब्लेम मशीनमध्ये असणार."

हर्षलानं आवाज खाली आणला. "मशीनमध्ये कुणी काही केलं असेल का? म्हणजे, मुद्दाम?"

जितेशनं तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, तिच्याबरोबर आणखी कुणी आलंय का ते. "ताई, जागेचं काही भांडण असेल ना, तर मला साक्षीला बोलवू नका हां. मी फक्त रिपेअरिंग करतो."

परतीच्या वाटेवर तिचं सगळं नक्की झालं. बॅटरी घरात असते, मशीन खोलीत. खोलीची किल्ली आबाजींकडे. खिडकीखाली नवीन. भिंतीपाशी बुधीचा विळा. आणि घरात आई, जी काहीतरी कळू देत नाही. बंद पाडणारे चार होते, फक्त पहिला हात कुणाचा तेच कळायचं होतं.

श्राद्ध चार दिवसांवर आलं होतं. अष्टमीच्या दुपारी तिनं सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलं. रहस्यकथेत शेवटच्या प्रकरणात असंच बोलावतात. तिथे दिवाणखाना असतो, मंद दिवे असतात, लोक टरकलेले असतात. इथे आबाजी स्वतःची खुर्ची घेऊन आले, बुधी उकिडवी बसली, नवीन मोबाइल बघत उभा राहिला आणि आईनं सगळ्यांना चहा दिला, त्यामुळे वातावरण सुरुवातीलाच बिघडलं. हर्षलानं मशीन ओट्यावर आडवं ठेवलं. शेजारी डबी आणि कार्ड मांडलं.

"ही चुन्याची डबी कुणाची?"

"आरं द्येवा! माजीच की!" आबाजी उठून आले आणि डबी उचलून तिला पुसू लागले. "पावसाळाभर हुडकतोय."

"ती खोलीच्या दाराशी काय करत होती, आबाजी?"

आबाजींनी डबी घाईनं खिशात टाकली. हर्षलाला वाटलं, सापडले.

"दाराशी घरंगळली आसंल. मी बसतो बाजूच्या पायरीशी," ते म्हणाले. "सांजचा येतो मी. तुजा बाप न् मी बसायचो ना इथं चहाला. आता नुसता बसतो घडीभर. तुज्या आईला, इमलबाईंना म्हाईत नाय, त्या दार लावून घेत्यात. किल्ली हाय म्हून तुला वाटलं आसंल आत गेलो. आत कशाला जाऊ? आत काय हाय?"

हर्षलानं घाईघाईनं कार्ड उचललं.

"आणि हे, नवीन?"

"अगं ताई, माझी कार्डं कुठेही सापडतील. मी परवा एसटीत वाटली." मग तो मनापासून म्हणाला, "हे बघ, घर मला पाहिजे. खोटं कशाला बोलू? पण त्यासाठी मशीन कोण बिघडवेल? मी नुसतं थांबलो तरी चालतंय ना."

हे अगदी खरं होतं. ती बुधीकडे वळली, पण बुधीनंच सुरुवात केली.

"गवात म्या नेलं. शेळ्यांला. इचारलं नाय. मशिनीनं कापलं का त्याचा भुगा व्हतो, शेळी तोंड लावत नाय. म्हून आदी नेलं. मंग?"

मग काहीच नाही. उरली आई.

"आई, परवा नवीनला काय सांगत होतीस? काय कळू द्यायचं नाही मला?"

आईनं नवीनकडे पाहिलं. नवीननं मोबाइल खिशात ठेवला. "सांगतो मीच. काकू म्हणाल्या, हर्षला घराबाहेर पडली की तेवढ्यात दोन माणसं घालून गवत कापून टाक. आणि आल्यावर सांग, मशीन मध्येच सुरू झालं होतं, आबाजींनी कापलं."

"मला मशिन धरताबी येत नाय," आबाजी म्हणाले. "पन मी हो म्हनलो होतो."

"मग का नाही कापलं?"

"माणसं मिळाली नाहीत," नवीन खाली बघत म्हणाला. "भातकापणी."

हर्षला आईकडे बघत राहिली. "पण आई, तू तर म्हणालीस की नाहीतर घर—"

"म्हणाले," आई म्हणाली. "इथं राहायचं नसतं तर अंगणाचं म्हणाले असते का?" आणि रिकामे कप गोळा करायला लागली.

चारही संशयित सुटले. उभं राहिलं ते नुसतं मशीन, आणि सगळ्यांसमोर ग्रंथपालबाई, बाबांच्या कुडत्यात.

"आता तरी मशिनीच्या पोटात बगशील का?" आबाजी म्हणाले. "दोन दिस मान्सांच्या पोटात बगतेस."

"खाचेत बोट घालायचं नसतं. लिहिलंय तसं."

"बोट नको घालू. डोळा घाल."

डोळा घालू नये असं खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. हर्षलानं बॅटरी काढून ओट्यावर लांब ठेवली, मशीन तिरकं धरलं आणि मोबाइलचा दिवा खाचेत सोडला. आत, खोल, जिथे बॅटरीचे पत्रे येऊन टेकतात तिथल्या दोन चकचकीत पट्ट्या दिसायला हव्या होत्या. पट्ट्या नव्हत्या. तिथे काळपट लाल, तेलकट, वाळून कडक झालेला थर होता. त्यात तांदळाचे दोन दाणे रुतले होते. आणि थरावर, रुंद, आडव्या, बारीक रेषांचा एक ठसा.

मग आई जवळ आली, म्हणून तिनं दिवा आईसाठी धरला.

आईनं पाहिलं. "मिक्सरचंही असंच केलं होतं," ती म्हणाली. "तीन दिवस पाट्यावर वाटलं मी. म्हणे, यंत्राला कपाळ नसतं, जिथून जीव येतो तिथे कुंकू लावायचं." मग पुन्हा आत बघत, "अंगठाच आहे."

नवीन पुढे येऊ लागला. आबाजींनी त्याचा शर्ट मागून धरला. "थांब रं."

मशीन चालायचं तर ते पुसायला हवं होतं. एवढं साधं काम होतं. आई आत गेली आणि देवांची पितळेची भांडी घासायचा जुना कोरडा ब्रश घेऊन आली. हर्षलानं तो हातात घेतला, खाचेपाशी नेला आणि थांबली.

"पूस," आई म्हणाली. "मशीन चालावं म्हणूनच लावलं होतं ना त्यांनी."

तिनं पुसलं, हळूहळू, एका पट्टीवरून, मग दुसऱ्या. तांदळाचे दाणे ओट्यावर पडले, लाल भुगा तिच्या मोज्यावर उतरला. पट्ट्या चमकल्या. दोन्हींच्या मधल्या काळ्या प्लास्टिकवर ठशाचा खालचा भाग राहिला होता. त्यानं मशीनचं काही अडत नव्हतं. ब्रश तिनं आईला परत दिला.

मग ओढणी, चष्मा, रबर. बॅटरी, खट्ट.

"पंधरा मीटर," ती म्हणाली.

या वेळी कुणी वाद घातला नाही. बुधी कुंपणापलीकडे गेली, नवीन आईला घेऊन पुढच्या दाराशी गेला, आणि आबाजी खुर्ची उचलून स्वतःच्या घराच्या दारापर्यंत मागे गेले आणि तिथे मान उंच करून बसले. खटका ओढला. मशीन गरजलं, तिच्या हातातून खांद्यात शिरलं, आणि पायापुढचं गवत आडवं झालं. ती शिस्तीत एका कडेपासून निघाली, मशीनच्या टोकाशी गरगरणारा नायलॉनचा दोर जमिनीपासून चार बोटं वर, पाय मागे, घाई नाही. मध्येच एका चपट्या खड्यानं उडून चष्म्याच्या काचेवर ठक्क केलं. ती थांबली, काच चाचपली, शाबूत होती. बाबांच्या चष्म्याला नमस्कार करून पुढे निघाली. बॅटरी दोनदा चार्ज करावी लागली. भुगा शेळी खात नाही म्हणताना बुधीनं कडेची बरीच पट्टी आधीच विळ्यानं उडवून नेली, ते हर्षलानं पाहिलं नाही असं दाखवलं.

दिवेलागणीला आईनं मागचं दार उघडलं. उंबऱ्यावर उभी राहून तिनं आख्खं अंगण नजरेखाली घातलं, कुंपणापर्यंत, आणि मग पायरीवर दोन कप चहा आणून ठेवला. "आबाजींना हाक मार," ती म्हणाली. "आणि उद्यापासून म्हणावं सांगून येत जा. मी दार लावून घेते तर वाजवत जा."

नवीननं जाताना भिंतीवर टकटक केलं नाही. मात्र एक कार्ड ओट्यावर विसरून गेला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. वर्ष पुरं झालं नव्हतं, त्यामुळे घरात सण नव्हता, तोरण नव्हतं. सकाळी आई मागच्या खोलीत तेलाची वाटी आणि कुंकवाची कोयरी घेऊन आली.

"सण आपल्याला नाही," ती म्हणाली. "मशीनला आहे."

हर्षलानं बॅटरी काढून फळीवर वेगळी ठेवली. कोयता, घमेलं, सायकल झाल्यावर ती मशीनपाशी आली. तेलात कालवलेल्या कुंकवात तिनं अनामिका बुडवायला हात पुढे केला, मग बोट मिटलं आणि अंगठा बुडवला. आई शेजारी उभी राहून बघत होती.

"बाहेरून लाव," एवढंच म्हणाली.